मुक्तीनंतरच्या कृष्णवर्णीयांच्या शाळा: अभ्यासवर्ग कसा घ्यावा

मुंबईतल्या वाचनालयांत आणि बुद्धविहारांत अमेरिकेतील गुलाममुक्तीवर वर्ग घेणारे बहुधा लिंकनपासून आरंभ करतात. नायगावच्या एका वर्गात मीही तेच केले. दीड तास लिंकनमध्येच गेला आणि शाळांचा विषय राहिला तो राहिलाच. म्हणून आरंभ सवाना शहरापासून करावा.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील हे शहर यादवी युद्धात, डिसेंबर १८६४ मध्ये, उत्तरेकडील राज्यांच्या सैन्याच्या ताब्यात आले आणि पुढच्याच महिन्यात तिथल्या कृष्णवर्णीयांनी स्वतःची शिक्षणसंस्था स्थापन केली, वर्गणी गोळा केली आणि शिक्षकही आपल्यातलेच नेमले. शाळेसाठी घेतलेल्या जागांपैकी एक म्हणजे गुलामांच्या विक्रीची इमारत. जिथे माणसांचे सौदे ठरत, तिथे मुले अक्षरे गिरवू लागली. एवढे सांगून क्षणभर थांबावे. भाष्य करू नये.

शिक्षक इतक्या लवकर मिळाले कसे, हा प्रश्न श्रोत्यांकडूनच येऊ द्यावा. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवण्यावर बंदी घालणारा कायदा जॉर्जियाने १८२९ मध्ये केला होता, तरी सवानात चोरून शाळा चालत, हे त्याचे उत्तर आहे.

त्यानंतर फळ्यावर दोन रकाने आखावेत: पैसा कोणाचा आणि कारभार कोणाचा. खरा वेळ इथे द्यावा. सवानाच्या संस्थेला पैसा पुरेना, तेव्हा शाळा उत्तरेकडील मिशनरी संस्थेच्या हाती गेल्या. १९१२ ते १९३२ या काळात दक्षिणेत उभ्या राहिलेल्या सुमारे ५,००० शाळा रोझेनवाल्ड या दात्याच्या नावाने ओळखल्या जातात. पण त्यांच्या निधीने सुमारे ४४ लाख डॉलर दिले, तर कृष्णवर्णीयांनी सुमारे ४७ लाख, आणि तेही सरकारी कर भरून वर. नाव मात्र दात्याचे. (आपल्याकडच्या संगमरवरी पाट्या आठवाव्यात.)

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, हा दुवा कोणीतरी काढतोच. तो शेवटच्या वीस मिनिटांसाठी राखावा, कारण आधी आला तर तुलनेच्या भरात सवाना मागे पडते. फुल्यांची पहिली शाळा १८४८ची, म्हणजे सवानाच्या सतरा वर्षे आधीची, हेही तेव्हाच सांगावे. कोणी आपल्या वसतिगृहाच्या वर्गणीची जुनी पावती आणली असेल, तर तीही त्याच दोन रकान्यांत मांडून पाहावी.