ओबामाकेअरवरचं भांडण कसं ऐकावं

७ नोव्हेंबर २००९चा शनिवार. न्यू जर्सीतल्या एडिसनजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाची दिवाळी चालली होती. (दिवाळी ऑक्टोबरातच होऊन गेली होती, पण इथे हॉल मिळेल तेव्हा दिवाळी येते.) जेवणाच्या रांगेत दोघांची जुंपली. एक डॉक्टर, दुसरा कुठल्याच कंपनीत कायम नसलेला कॉन्ट्रॅक्टर. डॉक्टर म्हणत होते, देश बुडणार. कॉन्ट्रॅक्टर म्हणत होता, बायकोला डायबेटीस असल्यानं मला कोणी विमाच देत नाही, देश कसला बुडतोय. भांडण होतं राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या आरोग्य सुधारणेवरून, जिला लोक ओबामाकेअर म्हणू लागले. त्याच रात्री अकराच्या सुमारास प्रतिनिधीगृहानं, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहानं, ते विधेयक २२० विरुद्ध २१५ मतांनी मंजूर केलं.

त्या रांगेत एक काका होते. मंत्रालयात विधी व न्याय विभागातून निवृत्त होऊन मुलीकडे आलेले. हातातली ताटली सांभाळत ते दोघांना एवढंच म्हणाले, "कलम कुठलं?" दोघंही गप्प. विधेयक कोणीच वाचलेलं नव्हतं. मीही नाही.

तेव्हापासून हा वाद ऐकायची मी एक पद्धत बसवली आहे. विषय जुनाच आहे, पण २०२५च्या शेवटी याच कायद्याखालच्या अनुदानावरून अमेरिकी सरकारचं कामकाज ४३ दिवस ठप्प झालं, तेव्हा पुण्या-सांगलीहून पुन्हा फोन यायला लागले: "अगं, नक्की भांडण काय आहे?"

पायरी १ : बोलणाऱ्याचा विमा कुठला ते ओळखा

अमेरिकेत सगळ्यांना एकच व्यवस्था नाही. पासष्टीपुढच्यांना मेडिकेअर, गरिबांना मेडिकेड, दोन्ही सरकारी. बहुतेक नोकरदारांना कंपनीमार्फत खाजगी विमा. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धातली आहे. सरकारनं पगारवाढ गोठवली, मग कंपन्यांनी माणसं टिकवायला पगाराऐवजी विमा देऊ केला. उरलेले स्वतः विकत घेतात, नाहीतर देवावर हवाला ठेवतात. ते विधेयक २०१०मध्ये कायदा झालं, आणि त्याचा मोठा भाग या शेवटच्या दोन गटांसाठी होता: विमा विकत घ्यायला अनुदान, आधीच्या आजारावरून विमा नाकारायला बंदी, मेडिकेडचा विस्तार, आणि विमा न घेणाऱ्यांना दंड. गंमत अशी की सगळ्यात जास्त आवाज ज्यांना आधीच विमा होता त्यांचा होता.

२००९च्या उन्हाळ्यात साउथ कॅरोलायनातल्या सिम्प्सनव्हिलच्या सभेत एका गृहस्थानं खासदार बॉब इंगलिस यांना बजावलं की सरकारनं माझ्या मेडिकेअरला हात लावू नये. मेडिकेअर सरकारच चालवतं, हे इंगलिस यांनी समजावून पाहिलं. त्याला ते पटलं नाही. या किश्श्यावर अमेरिका खूप हसली. मला मात्र तो माणूस कळतो. ताटात वाढलेलं कोणी उचलेल ही त्याची भीती खरी होती, पत्ता तेवढा चुकला होता.

आपल्यासाठी एक गोष्ट: पर्यटक म्हणून आलेल्या आई-वडिलांसाठी आपण जो व्हिजिटर विमा काढतो, तो या कायद्याच्या कक्षेत येत नाही. 'आधीचा आजार असला तरी विमा नाकारता येणार नाही' हा नियम त्याला लागू नाही. "आता सगळ्यांना मिळतं" असं कोणी सांगितलं तर बाबांच्या ब्लडप्रेशरसाठी त्यावर विसंबू नका.

पायरी २ : हातात कागद कुठला आहे ते पाहा

२००९च्या ऑगस्टमध्ये लोक ज्याच्यावर भांडत होते तो मसुदा 'एच. आर. ३२००', हजारेक पानांचा. नोव्हेंबरात प्रतिनिधीगृहानं मंजूर केलं ते 'एच. आर. ३९६२'. आणि शेवटी कायदा झाला तो 'एच. आर. ३५९०'. हे तिसरं मुळात सैनिकांच्या घरांवरच्या करसवलतीचं विधेयक होतं. करासंबंधीचं विधेयक प्रतिनिधीगृहातच जन्माला यावं लागतं, म्हणून सेनेटनं, म्हणजे वरिष्ठ सभागृहानं, तिथून आलेलं एक विधेयक घेतलं, आतला मजकूर काढला आणि आपला भरला. डबा तोच, भाजी दुसरी.

म्हणून कोणी "त्या बिलात असं लिहिलंय" म्हटलं की पहिला प्रश्न: कुठल्या बिलात, कुठल्या महिन्यातल्या?

पायरी ३ : मतं मोजा, मग तत्त्वांवर बोला

प्रतिनिधीगृहात २१८ मतं म्हणजे बहुमत. सेनेटमध्ये साधं बहुमत ५१चं, पण विरोधकांनी चर्चा लांबवत ठेवली तर ती थांबवायला ६० लागतात. सगळी खरी ओढाताण या ६०व्या मतासाठी होती. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. सरकार काठावर असलं की अपक्ष आमदाराचा भाव किती चढतो ते आपण पाहिलं आहे. सरकारनं स्वतःची विमा योजनाही बाजारात उतरवावी, ज्याला 'पब्लिक ऑप्शन' म्हणत, ही कल्पना सेनेटर जो लीबरमन यांच्या विरोधामुळे बाहेर गेली. नेब्रास्काच्या बेन नेल्सन यांनी आपल्या राज्यापुरता मेडिकेडचा वाढीव खर्च केंद्राच्या गळ्यात घातला. त्यावर इतकी छी:थू झाली की पुढे तो काढावा लागला.

२४ डिसेंबर २००९ला सेनेटमध्ये ६० विरुद्ध ३९नं विधेयक पार पडलं. पण ऑगस्टमध्ये वारलेल्या टेड केनेडींच्या जागेवर जानेवारीत विरोधी रिपब्लिकन पक्षाचे स्कॉट ब्राउन निवडून आले, तेही मॅसॅच्युसेट्ससारख्या ओबामांच्या डेमोक्रॅट पक्षाच्या बालेकिल्ल्यातून. साठावं मत गेलं. सेनेटचा मसुदा दुरुस्त करून परत सेनेटकडे पाठवायची सोय उरली नाही. मग प्रतिनिधीगृहानं तोच मसुदा, नाक मुरडत, जसाच्या तसा २१ मार्च २०१०ला २१९ विरुद्ध २१२नं स्वीकारला. २३ मार्चला ओबामांनी सही केली. दुरुस्त्या अर्थसंकल्पी मार्गानं, जिथे ५१ मतं पुरतात, आठवड्याभरात मागाहून केल्या. शेवटच्या मतदानात एकही रिपब्लिकन बाजूनं नव्हता आणि ३४ डेमोक्रॅट विरोधात होते. कायद्यात इतकी ठिगळं का, याचं अर्धं उत्तर या परिच्छेदात आहे.

पायरी ४ : आकड्याला विचारा, किती वर्षांचा आणि कशातून काय वजा करून

अमेरिकी संसदेचं (तिचं नाव काँग्रेस) अंदाजपत्रक कार्यालय कुठल्याच पक्षाचं नाही. मार्च २०१०मध्ये त्यांनी सांगितलं, दहा वर्षांत विमा देण्यावर ९३८ अब्ज डॉलर खर्च, आणि त्याच दहा वर्षांत तूट १४३ अब्जांनी कमी. एका बाजूनं पहिला आकडा बोर्डावर लिहिला, दुसरीनं दुसरा. दोन्ही एकाच कागदावरचे. खर्च होताच, पण नवे कर आणि मेडिकेअरमधली काटकसर त्याहून जास्त धरली होती.

विरोधकांचा खरा मुद्दा आरडाओरड्यात बुडाला. अनुदानं २०१४पासून सुरू होणार होती, काही कर मात्र आधीपासून. म्हणजे दहा वर्षांच्या हिशेबात मोठा खर्च साधारण सहाच वर्षांचा होता. हा आक्षेप 'देश बुडणार'पेक्षा कितीतरी चांगला होता. रांगेतल्या डॉक्टरांनी हा काढला असता तर कॉन्ट्रॅक्टरला उत्तर द्यायला घाम फुटला असता.

पायरी ५ : एकच अफवा घ्या आणि मुळापर्यंत जा

सगळ्या अफवा तपासत बसू नका, एक घ्या. मी घेतली 'डेथ पॅनेल'. ७ ऑगस्ट २००९ला रिपब्लिकन नेत्या सारा पेलिन यांनी फेसबुकवर लिहिलं की म्हाताऱ्या माणसांना आणि अपंग मुलांना उपचार द्यायचे की नाहीत हे ओबामांचं मृत्युमंडळ ठरवेल. आठवडाभरात ते सभांमध्ये ओरडून विचारलं जाऊ लागलं.

कलम सापडलं: एच. आर. ३२००चं १२३३. त्यात होतं एवढंच, की मेडिकेअरवरच्या रुग्णाला आयुष्याच्या शेवटच्या काळातल्या उपचारांबद्दल डॉक्टरशी बोलायचं असेल, तर त्या बोलण्याचे पैसे डॉक्टरला मिळतील, साधारण पाच वर्षांतून एकदा. मंडळ नाही, निकाल नाही. ज्यांनी आयसीयूच्या बाहेर बाकावर रात्र काढली आहे आणि "नळी काढायची का, सांगा" हा प्रश्न ऐकला आहे, त्यांना या कलमाची किंमत सांगायला नको. आमच्या घरी ते बोलणं आधी झालेलं नव्हतं. तीन भावंडांनी तीन उत्तरं दिली.

ते कलम अंतिम कायद्यातून गळालं. २०१६पासून मेडिकेअर नेमक्या याच सल्ल्याचे पैसे डॉक्टरांना देतं, साध्या नियमातून. त्या वेळी कोणी फारसं ओरडलं नाही.

पण अफवा खोटी ठरली म्हणून भीती खोटी ठरत नाही. 'तुमचा उपचार बसत नाही' असं सांगणारे आधीही होते, फक्त ते विमा कंपनीत बसत. त्या दिवाळीच्या आधीच्याच वर्षी मुलाच्या हनुवटीला तीन टाके पडले आणि काही आठवड्यांनी घरी पत्र आलं. चार रकाने: हॉस्पिटलनं लावले ते, विम्यानं मान्य केले ते, विम्यानं दिले ते, तुम्ही देणं लागता ते. चारही आकडे वेगळे, आणि वर ठळक अक्षरात: 'हे बिल नाही.' खरं बिल आलं त्यावर पाचवाच आकडा होता. फोन केला तर कळलं, हॉस्पिटल विमा कंपनीच्या नेटवर्कमध्ये आहे, टाके घालणारा डॉक्टर नाही.

पायरी ६ : आता आपल्या आवडत्या बाजूचं वाक्य तपासा

हे कोणी करत नाही, म्हणून मुद्दाम वेगळी पायरी. ओबामा पुन्हा पुन्हा सांगत, तुमचा विमा तुम्हाला आवडत असेल तर तो तुमच्याकडे राहील. कलम होतं: २३ मार्च २०१०ला अस्तित्वात असलेल्या योजनांना सूट होती. पण योजनेत फारसा बदल झाला नाही तरच, आणि तीच योजना विकत राहायची सक्ती कंपनीवर नव्हती. ही अट भाषणात येत नसे. २०१३च्या शरदात लाखो लोकांच्या घरी विमा रद्द झाल्याची पत्रं पोहोचली आणि नोव्हेंबरात ओबामांना टीव्हीवर दिलगिरी व्यक्त करावी लागली. दाव्यांची शहानिशा करणाऱ्या पॉलिटीफॅक्टनं 'वर्षातलं सर्वांत मोठं असत्य' म्हणून २००९मध्ये 'डेथ पॅनेल' निवडलं होतं, २०१३मध्ये हे वाक्य. मी ओबामांची मतदार झाले असते (तेव्हा ग्रीन कार्डच होतं), त्यामुळे हे लिहिताना जरा जड जातं.

पायरी ७ : जाहिरात कोणाच्या पैशानं आहे ते बघा

१९९३-९४मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची आरोग्य योजना पाडणाऱ्या जाहिरातीत हॅरी आणि लुईझ हे जोडपं घरी बसून चिंता करायचं. पैसे विमा कंपन्यांच्या संघटनेचे. २००९मध्ये तेच दोन कलाकार परत टीव्हीवर आले, या वेळी सुधारणेच्या बाजूनं, आणि या वेळी पैशांत औषध कंपन्यांच्या संघटनेचा वाटा होता. त्या संघटनेनं व्हाइट हाउसशी ८० अब्ज डॉलरच्या सवलतींचा सौदा आधीच करून ठेवला होता.

पायरी ८ : 'पैसे कोण देणार'च्या मागचा प्रश्न शोधा

इथे आपला माणूस येतो. डॉ. अतुल गावंडे, ज्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. जून २००९मध्ये त्यांनी 'न्यू यॉर्कर'मध्ये टेक्सासमधल्या मॅकॲलन गावावर लिहिलं. तिथे मेडिकेअरचा दरडोई खर्च देशाच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट होता, तर त्याच राज्यातल्या, तशाच वस्तीच्या एल पासोमध्ये मॅकॲलनच्या साधारण निम्मा. लोक जास्त आजारी नव्हते आणि उपचारही सरस नव्हते. तपासण्या, शस्त्रक्रिया, भेटी तेवढ्या जास्त होत होत्या, कारण प्रत्येकीचे वेगळे पैसे मिळतात. ओबामांनी तो लेख आपल्या लोकांना वाचायला लावला. पण सभांमध्ये यावर फारसं कोणी भांडलं नाही. विमा कोणाचा यावर गळे काढता येतात. एमआरआय गरजेचा होता का यावर घोषणा होत नाही.

पायरी ९ : सही झाली म्हणून फाईल बंद करू नका

थोडक्यात: २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४नं कायदा वाचवला, पण मेडिकेड वाढवणं राज्यांच्या मर्जीवर सोडलं. न्यू जर्सीनं वाढवलं, टेक्सासनं नाही. आता पत्ता बघितल्याशिवाय विम्याचा सल्ला देता येत नाही. २०१७मध्ये रद्द करायचा प्रयत्न सेनेटमध्ये एका मतानं पडला. रिपब्लिकन सेनेटर जॉन मॅकेन यांनी मध्यरात्रीनंतर अंगठा खाली करून विरोधात मत दिलं तो प्रसंग. विमा न घेणाऱ्यांचा दंड २०१९पासून शून्य झाला. २०२१मध्ये वाढवलेली अनुदानं २०२५अखेर संपायची होती, त्यावरून तो ४३ दिवसांचा खोळंबा.

पायरी १० : बोलायचं असेल तर असं बोला

खासदाराच्या कार्यालयात फोन करायला नागरिक असावं लागत नाही. त्या मतदारसंघात राहत असलात की झालं. फोनवर बहुधा पिनकोड विचारतात. विधेयकाचा क्रमांक सांगा, कलम सांगा, बाजूनं की विरोधात ते एका वाक्यात सांगा आणि मग तुमच्या घरातली एकच घटना. व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड वाचून दाखवू नका, उचलणारी मुलगी तो त्या सकाळपासून दहाव्यांदा ऐकत असते. सभेत दोन मिनिटं मिळाली तर भाषण करू नका, 'हो' किंवा 'नाही'शिवाय उत्तर देता येणार नाही असा प्रश्न विचारा.

मी २०१०च्या फेब्रुवारीत पत्र पाठवलं होतं. मजकूर काकांनी तपासला, तीन विशेषणं काढली आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं: 'पुरावा?' मग मी त्या चार रकान्यांच्या कागदाची झेरॉक्स जोडली.