इंग्रजी वाक्प्रचार: बेळगावकडच्या नव्या मुलांसाठी अनुभवाचे चार शब्द

दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजी, आणि डिग्री झाली की बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नाहीतर पुण्या-बेंगळुरूला नोकरी. खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या कितीतरी मुलांची वाट हीच. माझीही हीच. सध्या मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात निर्यातीचा पत्रव्यवहार बघतो. कास्टिंगचे, मशीनिंगचे भाग बाहेरदेशी जातात, त्यामुळे दिवसभर ईमेल आणि फोन. नव्या मुलांचं व्याकरण बरं असतं, तांत्रिक शब्दही येतात. गाडी अडते ती वाक्प्रचारांपाशी.

नंदगडची एक मुलगी आमच्याकडे नुकतीच लागली होती. अमेरिकन ग्राहकाचा ईमेल घेऊन आली. "दादा, हा बॉलपार्क फिगर मागालाय. ड्रॉइंगमध्ये असलं माप कुठंच नाही की." बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान, आणि 'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ आकडा. ग्राहकाला अंदाजे दर हवा होता. त्याच ईमेलात खाली 'टच बेस' होतं, म्हणजे शुक्रवारच्या आत थोडं बोलून घेऊ. तिला म्हटलं, दर दे, पण 'हा अंदाज आहे, पक्कं कोटेशन ड्रॉइंग तपासल्यावर' हे वाक्य त्याला जोडच. ढोबळ म्हणून मागितलेला आकडाही समोरचा लिहून ठेवतो आणि पुढे त्यावरच घासाघीस करतो.

दुसरा एक वाक्प्रचार आमच्या धंद्यात फार जपून वाचावा लागतो: 'कट कॉर्नर्स'. मशीन शॉपमध्ये कोपरे मारणं, चॅम्फर काढणं (धारदार कडा तिरपी कापणं) हे रोजचं काम. ग्राहकानं लिहिलं की या लॉटमध्ये तुम्ही कॉर्नर्स कट केलेत, तर नवा मुलगा सरळ ड्रॉइंग उघडून चॅम्फर मोजायला बसतो. पण ती तक्रार असते, आणि साधी नव्हे. पैसे किंवा वेळ वाचवायला तुम्ही कामात हात आखडता घेतला, दर्जा सोडला, असा तो आरोप आहे. त्याला उत्तर मापाचं देऊन चालत नाही, तपासणीचा अहवाल जोडून द्यावं लागतं. अर्थ चुकला तर उत्तर चुकतं, आणि ग्राहकाला वाटतं आपण विषय टाळतोय. म्हणून वाक्य विचित्र वाटलं की थांबायचं. शब्दशः अर्थ त्या जागी बसत नसेल, तर तिथं वाक्प्रचार असणार असं धरूनच चालायचं.

सीमाभागातल्या मुलांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. तुम्ही लहानपणापासून दोन भाषांतले वाक्प्रचार वापरत आला आहात, आणि ही मोठी शिदोरी आहे. मराठीत आपण आगीत तेल ओततो, कन्नडमध्ये बेंकीला तुप्प, म्हणजे तूप ओततात, इंग्रजीत 'फ्यूएल' ओततात. अंथरूण पाहून पाय पसरावे हे कन्नडमध्ये जवळपास तसंच आहे, तिथंही हासिगे आणि कालु आहेत. इंग्रज मात्र कापड पाहून कोट बेततो. नवीन वाक्प्रचार भेटला की आधी मराठीत आणि कन्नडमध्ये त्याचा भाऊबंद शोधा. सापडला तर तो डोक्यात पक्का बसतो.

मात्र दिसायला सारखे आणि अर्थानं वेगळे असेही असतात. मराठीत पाय ओढणं म्हणजे दुसऱ्याला वर येऊ न देणं. इंग्रजीत 'पुलिंग युअर लेग' म्हणजे नुसती थट्टा. कन्नडमध्ये कालेळेयोदु (शब्दशः पाय ओढणं) हे थट्टेच्याच अर्थानं ऐकू येतं, त्यामुळे कन्नड मित्राला हा वाक्प्रचार चटकन कळतो आणि आपल्याला उगाच राग येतो. असे जोड वहीत लाल शाईनं लिहा.

देशाप्रमाणेही फरक पडतो. ब्रिटिश ग्राहक 'ऑन अ स्टिकी विकेट' म्हणेल. पावसानं ओल्या झालेल्या खेळपट्टीवरून आलेला, अडचणीत सापडण्याचा हा वाक्प्रचार क्रिकेट खेळणाऱ्या आपल्या मुलांना लगेच उमगतो, पण अमेरिकन माणसाला तो कदाचित कळणार नाही. मीटिंगमध्ये एखादा विषय 'टेबल' करू, असं ब्रिटिश माणूस म्हणाला तर तो चर्चेला घ्यायचाय. अमेरिकन म्हणाला तर तो बाजूला ठेवायचाय. इथं न लाजता विचारून घ्यावं.

समजून घ्यायचे वाक्प्रचार पुष्कळ, स्वतः वापरायचे थोडे, असं माझं ठाम मत आहे. 'ऑन द सेम पेज' (दोघांची समजूत एकच आहे), 'द बॉल इज इन युअर कोर्ट' (आता पुढचं पाऊल तुमचं), 'बॅक टू स्क्वेअर वन' (पुन्हा पहिल्यापासून) एवढ्यावर सुरुवातीला ऑफिस चालतं. पाठ केलेलं 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' कणकुंबीच्या पावसालाही लावू नका. आज ते जुनाट वाटतं. 'इट्स पोअरिंग' पुरतं. ऑक्सफर्ड, केंब्रिजच्या विद्यार्थ्यांसाठीच्या कोशांत अशा वाक्प्रचारांपुढे जुना किंवा अनौपचारिक अशी खूण असते. कोश ऑनलाइन फुकट आहेत, ती खूण बघायची सवय लावा.

आयईएलटीएस, म्हणजे परदेशी शिकायला-नोकरीला जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा, ती देणाऱ्यांसाठी थोडं. बोलण्याच्या परीक्षेत सात बँडच्या (गुणश्रेणीच्या) निकषात थोडी वाक्प्रचारयुक्त भाषा अपेक्षित आहे. म्हणून मुलं उत्तरात ते कोंबतात. तसं करू नका. बोलण्याच्या ओघात दोन-तीन आले तरी पुष्कळ. निबंधात 'पीस ऑफ केक' (अगदी सोपं काम) नकोच, ती बोलीतली भाषा.

वहीत शब्द आणि अर्थ अशी यादी करू नका. ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य लिहा, कोण कुणाला म्हणालं तेही लिहा, आणि खाली आपल्या कामातलं एक वाक्य स्वतः रचा. ते वाक्य वरिष्ठांना किंवा कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांना दाखवा, आणि मगच ईमेलात घाला.