तांबडा-पांढऱ्याच्या गावात व्हेगन खाताना या चुका टाळा

कोल्हापुरात कुणी व्हेगन व्हायचं, म्हणजे मटण-अंड्यांसोबत दूध-तूप-मधही सोडायचं म्हटलं की घरच्यांना आधी मटणाची काळजी पडते. अडतं मात्र चहापाशी. मटण आठवड्यातून एकदा-दोनदा होतं, चहा दिवसातून चार वेळा होतो आणि त्यातला निम्मा दुसऱ्याच्या दारात. नेटानं सुरुवात करून महिन्या-दीड महिन्यात सोडून देणारे बरेच जण मी पाहिलेत. जेवण बेचव लागलं म्हणून सोडणारे त्यात फार थोडे. बाकीच्यांना नियमांनीच दमवलं. जवळजवळ सगळ्यांचं त्याच सहा-सात ठिकाणी अडलं होतं, आणि तिथं मार्ग निघतो.

सोमवारपासून सगळं एकदम बंद

सगळ्यात जास्त माणसं इथं गळतात. रविवारी पातेलंभर तांबडा संपवायचा आणि सोमवारी सकाळी दूध, दही, तूप, अंडी, मटण, मध सगळ्यावर फुली मारायची. गुरुवारी कुणाच्या तरी बारशात तूप लावलेली पोळी ताटात येते, ती खाल्ली जाते आणि "आता मोडलंच" म्हणून शुक्रवारी जुनं सगळं परत सुरू होतं.

मुळात या आहाराची बांधणी इतकी ताठर नाहीच. इंग्लंडमध्ये १९४४ साली व्हेगन सोसायटी स्थापन झाली. तिच्या आजच्या व्याख्येतच प्राण्यांचा वापर 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितका' टाळावा असं म्हटलंय. हा उपवास नाही, की एक घास चुकला तर मोडला. गुरुवारची पोळी झाली, शुक्रवारी सकाळी पुन्हा आपली भाकरी-उसळ. एवढंच.

सुरुवात करताना काय सोडायचं याची यादी करू नका. घरात आठवडाभर जे शिजतं त्यातलं आधीपासूनच व्हेगन काय आहे ते बघा. पिठलं-भाकरी, खर्डा, आख्खा मसूर, मटकीची उसळ, भरली वांगी, शेंगांची चटणी, कटाची आमटी, हुलग्याचं माडगं, भडंग. उन्हाळ्यात डंकावरून कुटून आणलेली वर्षाची चटणीही त्यात आली. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, धणे आणि गरम मसाला, दुधा-तुपाचा संबंधच नाही. म्हणजे अर्धंअधिक ताट तयारच आहे. आधी नाश्ता बदला, मग रात्रीचं जेवण, मग चहा. सणासुदीचं आणि पै-पाहुण्यांचं सगळ्यात शेवटी.

पांढरा फुटतो, तांबड्याला सोयाबीनचा वास येतो

व्हेगन झालं म्हणून रविवार ओका घालवायचं कारण नाही. पण पांढरा रस्सा करताना नारळाचं दूध पातेल्यात ओतून खळाखळा उकळलं की तो हमखास फुटतो. रवाळ कण खाली बसतात, वर तेल तरंगतं आणि सगळ्यांना वाटतं की मटणाशिवाय हे जमतच नाही.

पांढऱ्याचा जीव अळणीत, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात असतो, म्हणून आधी अळणीची सोय करा. पांढरे वाटाणे रात्रभर भिजवून आलं, ठेचलेला लसूण, कांद्याची मोठी फोड, तमालपत्र आणि मीठ घालून मऊ शिजवा. ते पाणी गाळून बाजूला ठेवा. भिजवलेली खसखस, पांढरे तीळ आणि काजू अगदी गंधासारखं मुलायम वाटा. तेलावर लवंग, दालचिनी, वेलदोडा, मिरी आणि उभी चिरलेली हिरवी मिरची टाका, त्यावर वाटण मंद आचेवर परता. लाल होऊ देऊ नका, नाहीतर रंग गेला. मग वाटाण्याचं पाणी घालून चांगली उकळी आणा. त्यानंतर नारळाचं पातळ दूध. घट्ट दूध अगदी शेवटी, गॅस बारीक करून. कडेनं बारीक बुडबुडे दिसायला लागले की पातेलं खाली उतरवायचं, पुढची उकळी येऊ द्यायची नाही. लिंबू पातेल्यात पिळू नका, वाटीत पिळा.

तरीही फुटला तर टाकून देऊ नका. थोडा निवू द्या, चमचाभर काजूचं वाटण घालून मिक्सरमधून फिरवा आणि मंद आचेवर नुसता गरम करा. बराचसा सावरतो. दुसऱ्या दिवशी गरम करतानाही लागेल तेवढाच वाटीभर वेगळा काढून घ्या.

तांबड्यात सोयाबीनच्या वड्या घालणारे एक पायरी गाळतात. वड्या मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवून, गार पाण्यात दोनदा धुऊन, दोन्ही तळव्यांत घट्ट पिळायच्या. पहिलं पाणी पिवळट आणि वासाचं असतं, ते रश्श्यात गेलं की सगळी चटणी फुकट. पिळलेल्या वड्यांना आलं-लसूण आणि मीठ चोळून तेलावर खरपूस परता, मगच सुक्या खोबऱ्याचं वाटण घाला. वड्या नको असतील तर फ्लॉवर किंवा आख्खा मसूर. माझं मत विचाराल तर मसुराचा तांबडा वड्यांपेक्षा सरस होतो, कारण मसूर रश्श्याला स्वतःचा दाटपणा देतो.

चहात सोया दूध नासतं

सोया दुधातली प्रथिनं उष्णता आणि आंबटपणा एकत्र आले की साकळतात. चहा थोडा आंबटच असतो, त्यात दूध थंडगार फ्रिजमधलं. आपली सवय चहापत्तीसकट दूध दोन-तीनदा वर येईपर्यंत उकळायची. तिन्ही गोष्टी विरोधात जातात.

चहा पाण्यात, आलं घालून, हवा तेवढा कडक करा आणि गाळा. मिनिटभर थांबा. सोया दूध वेगळं कोमट करून कपात घ्या आणि त्यावर चहा ओता. ओटचं दूध सोयापेक्षा कमी फुटतं. शेंगदाण्याचं घरचं दूध चहात घालू नका, त्याचा वास चहावर बसतो. ते कढीला, आमटीला उत्तम.

गुळाचा चहा करणाऱ्यांनी गूळ दुधासोबत उकळू नये. साधं दूधसुद्धा त्यानं नासतं, सोया तर लगेच. पण गूळ असेल तर दूध हवंच कशाला? कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो गूळ, आलं आणि गवती चहाची दोन पाती घातलेला कोरा चहा आठ-दहा दिवसांत जिभेवर बसतो. दुसऱ्याच्या घरी तोच सगळ्यात सोपा. फक्त सांगायचं वेळेवर. पातेल्यात दूध पडल्यावर "मी दूध घेत नाही" म्हटलं की घरातल्या बाईला अपराध्यासारखं होतं. आत पाऊल टाकतानाच "वैनी, माझा कोराच ठेवा, गूळ असला तर गूळ" म्हटलं की कुणालाच काही वाटत नाही.

दह्याचंही इथंच सांगून टाकतो. शेंगदाण्याच्या दुधाला हिरव्या मिरचीच्या देठांचं विरजण लागतं, पण दूध कडकडीत असताना देठं टाकली तर दही लागत नाही. बोट सहज बुडवता येईल इतकं कोमट हवं. पहिलं दही पातळ आणि वासाचं होतं, त्यातलंच चमचाभर दुसऱ्या दुधाला लावलं की घट्ट आणि चांगलं येतं. कोशिंबिरीला आणि नाचणीच्या आंबिलीला ते चालतं.

हिरवा ठिपका पाहिला की निर्धास्त होणं

पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहारी पदार्थाचा. दूध, लोणी, मध असलेल्या पदार्थावरही तोच असतो. व्हेगन पदार्थांसाठी एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचं, वेगळं चिन्ह आहे, हिरव्या रंगातलं व्ही अक्षर आणि त्याला पान; त्याचे नियम २०२२ मध्ये आले. पण ते चिन्ह नाही म्हणजे पदार्थ चालत नाही असंही नाही. घाण्याच्या शेंगतेलाच्या डब्यावर ते कुठून असणार? घटकांची यादी वाचा. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन ही दुधाचीच रूपं. बिस्किटं, मसाल्याचे वेफर्स आणि पॅकबंद ब्रेडमध्ये ती सापडतात. बहुतेक कंपन्या यादीच्या खाली दूध असल्याची सूचना ठळक छापतात, तेवढी ओळ वाचली तरी निम्मं काम होतं.

मिसळीचंही असंच. मटकी, कट, फरसाण, कांदा, लिंबू यात अडचण नसते. दही वेगळं मागितलं तर मिळतं. प्रश्न असतो ब्रेडचा. एकदा विचारायचं, उत्तर लक्षात ठेवायचं, दर वेळी स्वयंपाकघराची झडती घ्यायची नाही. आख्खा मसूर मागवताना मात्र "मामा, वरून बटर नको, तेलाचीच फोडणी" हे ऑर्डरसोबतच सांगा, कारण बटर शेवटी पडतं आणि मग काढता येत नाही.

बी-१२ ला सूट देणं

बाकी सगळ्या बाबतीत सैल राहा म्हणणारा मी, इथं मात्र अजिबात नाही. माणसाला रोज अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास बी-१२ जीवनसत्त्व लागतं आणि ते वनस्पतींमधून भरवशानं मिळत नाही. आंबील, इडली, मशरूम, स्पिरुलिना, न धुतलेली भाजी, यातल्या कशावरही विसंबू नका. स्पिरुलिनातलं बरंचसं बी-१२ शरीराला वापरताच येत नाही.

घात होतो तो उशिरानं. यकृतात साठा असतो, तो बऱ्याचदा काही वर्षं पुरतो, म्हणून पहिलं वर्ष छान जातं. नंतर हातापायाला मुंग्या, जीभ सोलल्यासारखी, दम लागणं, विसरभोळेपणा. पालेभाज्या-डाळींतून फोलेट भरपूर मिळत असेल तर रक्ताच्या साध्या तपासणीत ही कमतरता झाकलीही जाते आणि मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहतं. म्हणून बी-१२ ची तपासणी वेगळी सांगून करून घ्या. व्हेगन सोसायटी रोज किमान १० मायक्रोग्रॅमची गोळी किंवा आठवड्यातून एकदा २,००० मायक्रोग्रॅमची सुचवते. आधीच कमी असेल तर मात्रा डॉक्टर ठरवतील. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि लहान मूल यांच्याबाबतीत डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काहीच बदलू नका. तान्ह्या बाळाला साधं सोया दूध हा पर्याय नाहीच. आणि गोळीत लॅक्टोज आहे किंवा कॅप्सूल जिलेटिनची आहे म्हणून सुरू असलेलं औषध थांबवू नका.

नुसतं काढत जाणं

ताटातून दूध, दही, अंडं काढलं आणि जागा रिकामी ठेवली तर अकरा वाजताच पोटात कावळे ओरडतात. काढलं की घालायचं. कॅल्शियमसाठी नाचणी: १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम, आणि प्रौढाची रोजची गरज १,००० मिलिग्रॅम धरली जाते. गगनबावडा, राधानगरीकडची नाचणी लक्ष्मीपुरीत मिळते. तिच्या भाकरीसोबत तिळाची चटणी आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी असली की बरीच मजल गाठली. पालकावर भिस्त ठेवू नका, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम फारसं अंगी लागत नाही. सोयाबीनच्या कोरड्या वड्यांत निम्म्याच्या आसपास प्रथिनं असतात, शेंगदाण्यांत साधारण पाव हिस्सा. जवसाची चटणी रोज चमचाभर, ओमेगा-३ साठी. उसळीवर लिंबू पिळा म्हणजे लोह जास्त शोषलं जातं, आणि जेवणावर लगेच चहा नको, तो हेच लोह अडवतो.

दुधावरून घरात भांडण

गंगावेशीत म्हशीची धार समोर काढून ग्लास हातात देणारं हे शहर. तालमीतला पोरगा दुधावर वाढलेला. जिल्ह्यात गोकुळ दूध संघ १९६३ पासून आहे, आणि गावाकडं कितीतरी घरांचा किराणा, पोरांची फी दर दहा दिवसांच्या दुधाच्या बिलावर चालते. त्या घरातल्या ओट्यावर बसून दूध म्हणजे पाप असं सांगणं मला योग्य वाटत नाही. ज्या मावशी पहाटे उठून गोठा झाडतात त्यांना म्हशीची माया आपल्यापेक्षा जास्त कळते. तुमचं कारण विचारलं तर शांतपणे, तुमच्यापुरतं सांगा. नाही विचारलं तर रस्सा वाढा.

देवघरातही तेच. पंचामृताचा चमचा घ्यायचा की नुसता हाताला लावून नमस्कार करायचा हे तुमचं तुम्ही ठरवा, पण आज्जीसमोर त्याचा वाद नको. पुरणपोळी गूळ, डाळ आणि कणकेचीच असते. तुमच्या दोन तुपाशिवाय भाजायला सांगा आणि वरून नारळाचं घट्ट दूध घ्या.

आखाडात त्र्यंबोलीच्या यात्रेचं जेवण असलं किंवा गावाकडची जत्रा, तेव्हा जाणं टाळू नका. जेवणं टाळायला लागलं की माणसं दुरावतात आणि मग आहारही फार टिकत नाही. आदल्या दिवशी फोन करा: "ताई, मी येतोय, माझ्यासाठी वेगळं काही करू नका, मी माझा रस्सा आणतो." आणि आणताना एकट्यापुरता डबा आणू नका. मसुराचा तांबडा चांगला मोठं पातेलंभर न्या. पंगतीत दोघं-तिघं तरी वाटी पुढं करतातच.