जावईबापूंच्या गाडीतली काजळी: ईजीआर व्हॉल्व्ह घरी कसा साफ करायचा

गेल्या दिवाळीत जावईबापू ठाण्याहून साताऱ्याला आले ते तोंड पाडूनच. खंबाटकी चढताना गाडीनं इतका काळा धूर ओकला, की मागच्या ट्रकवाल्यानं लाइट मारून मारून बाजूला घ्यायला लावलं म्हणे. गाडी डिझेल, वय १० वर्षं, आणि रोजची धाव घोडबंदर रोडवर पहिल्या-दुसऱ्या गिअरात. ॲव्हरेज १९ वरून १४ वर आलेलं. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढलेल्या सासऱ्यासमोर हे बोलल्यावर भाऊबीज होऊन जाईपर्यंत कोण थांबतो? दुसऱ्या दिवशी सकाळीच बॉनेट उघडलं.

आधी ही घाण येते कुठून ते बघा. डिझेल गाडीत जळलेल्या धुरातला काही भाग परत इंजिनात सोडतात. त्यानं आतली आच कमी राहते आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी तयार होतात. धुराची ही वाट उघडणारी-मिटणारी झडप म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह. धुरासोबत काजळी येते, क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या, नळीतून ऑइलची वाफ येते, आणि दोघी इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या वाटेत, भेटल्या की डांबर तयार. झडपेच्या बुडाला ते साचलं की ती पुरती मिटत नाही. नको तेव्हा धूर आत शिरतो, हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी आणखी वाढते.

पण काळा धूर दिसला की लगेच झडप खोलू नका. एअर फिल्टर तुंबलेला असला किंवा टर्बोकडून (हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा) येणारा रबरी पाइप फाटलेला असला, तरी धूर असाच येतो. ते दोन्ही पाहून घ्या. मग बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. आमच्याकडे पी ०४०२ हा कोड आला, म्हणजे ईजीआरमधून जास्त धूर जातोय. पी ०४०१ आला तर उलट, वाट तुंबलीय.

सामान फार लागत नाही: ८, १० आणि १२ च्या गोट्या (सॉकेट पाने), एल-की, कार्ब क्लीनरचे दोन डबे, जुना टूथब्रश, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या, चिंध्या, हातमोजे, चष्मा. आणि झडपेच्या सांध्यात बसणारं नवं गॅस्केट, तेही आधीच आणून ठेवायचं. झडप खोलून हातात आणि दुकान बंद, हा रविवार मी पाहिलेला आहे.

इंजिन पूर्ण थंड हवं. गाडी मोकळ्या हवेत लावा. क्लीनर भडकन पेट घेतो, त्यामुळे विडी-काडी लांब. मी जावईबापूंना म्हटलं, "जरा बॅटरी धरता का?" तर ते गाडीच्याच बॅटरीकडे वळले. म्हटलं राहू द्या, तेही करायचंच आहे. १० चा पाना लावून निगेटिव्ह टर्मिनल काढा. मग टॉर्च धरा.

झडपेचा कनेक्टर कळ दाबून काढायचा, वायर धरून ओढायचा नाही. खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बोल्ट उष्णतेनं धरून बसलेले असतात. डब्लूडी-४० (जाम बोल्ट सोडवायचा फवारा) मारून १५ मिनिटं थांबा आणि मग हळू सोडवा. घाईनं मुंडी तुटली की सगळा दिवस गेला. काही गाड्यांत झडपेलाच कूलर जोडलेला असतो आणि त्यात कूलंट फिरतं. तसं असेल तर हे काम गॅरेजवर सोपवा.

झडप बाहेर आली की उघड्या भोकात लगेच स्वच्छ चिंधीचा बोळा कोंबा. एक खपली आत पडली तरी ती सिलिंडरपर्यंत जाऊ शकते.

आमची झडप बघून जावईबापू गप्पच झाले. काकवी करपून कढईला चिकटावी तसा थर, बोटाएवढ्या वाटेत काडी जेमतेम जाईल एवढी फट. आधी कोरड्या काडीनं मोठ्या खपल्या खरवडायच्या, नंतर फवारा. झडपेचं तोंड कायम खाली, तिला हलवणारी मोटर वर. हे मी शिकलो ते स्वतःच्या चुकीनं: एकदा शेजाऱ्याच्या गाडीची झडप उताणी धरून फवारली, क्लीनर मोटरमध्ये उतरला आणि नवी झडप माझ्या खिशातून आणावी लागली. २० मिनिटं भिजू द्या, ब्रश मारा, पुसा, पुन्हा फवारा. पुसलेली चिंधी काळ्याची तपकिरी झाली की बस. आरशासारखी चकचकीत करण्यात अर्थ नाही. स्क्रू ड्रायव्हरनं खरडू नका. झडप टेकते त्या बैठकीवर ओरखडा गेला की झडप कधीच घट्ट बसणार नाही.

हवेची वाट कमी-जास्त करणारी थ्रॉटलची पाटीही अशीच, पण चिंधीवर क्लीनर घेऊन हातानं पुसा. हवा मोजणाऱ्या सेन्सरवर कार्ब क्लीनर मारू नका. आणि डिझेल इंजिन चालू ठेवून इनटेकमध्ये फवारे मारायचे व्हिडिओ फिरतात, ते तर अजिबात करू नका. डिझेल इंजिन असल्या वाफेवर बेलगाम पळू शकतं, आणि द्रव जास्त गेला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

पेट्रोलवाल्यांचं निराळं. पेट्रोल पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आधीच्या हवेच्या वाटेत, फवारलं जात असेल तर इनटेक व्हॉल्व्हच्या पाठी त्यानंच धुतल्या जातात. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात ती सोय नाही, तिथं काजळी साचते आणि अक्रोडाच्या टरफलाचा भुगा मारून काढतात. ते घरचं काम नव्हे. पूर्वीच्या पद्मिनी गाडीच्या इंजिनाचं हेड उतरवून आम्ही पिस्टन खरवडायचो, तेव्हा उस्ताद पिस्टनच्या कडेची काजळीची एक गोल रेघ मुद्दाम ठेवायला लावायचे. रिंगा जुन्या असतील तर ऑइल वर चढायला तीच अडवते म्हणायचे.

जोडताना नवं गॅस्केट, बोल्ट आधी हातानं, मग आलटून पालटून सारखे आवळा. क्लीनर पुरता उडून जाऊ द्या. बॅटरी जोडा, कोड पुसा. पहिली दोन मिनिटं थोडा धूर येतो, घाबरू नका. काळं झालेलं क्लीनर गटारात ओतू नका, बाटलीत भरून गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या.

ईजीआरची वाट पत्रा लावून कायमची बंद करा, असं सांगणारे भेटतील. मी करत नाही. त्यापेक्षा इंजिन तापल्यावर आठवड्यातून एकदा २०-२५ मिनिटं मोकळ्या रस्त्यावर, थोड्या चढ्या आरपीएमवर गाडी चालवा. साचलेलं त्यानं निघत नाही, नवं साचायला मात्र वेळ लागतो.

आठवड्यानं गॅस्केटच्या कडेला काळा डाग किंवा शिट्टीसारखा आवाज येतोय का ते पाहा. जावईबापूंनी ठाण्याहून फोटो पाठवला. डाग नव्हता, पण टॉर्च मात्र आमचीच त्यांच्या बॉनेटखाली राहून गेली होती.