पुंगळ्यांची तयारी: या चुका टाळा

अमेरिकेत वापरलेल्या पुंगळ्या (काडतुसाच्या पितळी नळ्या) घरी पुन्हा भरणं हा नेमबाजांमधला सर्रास चालणारा छंद आहे. भारतात मात्र 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, म्हणून हे लेखन तिकडे राहणाऱ्या, कायदेशीर रायफल बाळगणाऱ्या मराठी मंडळींसाठी. उदाहरण .308 विंचेस्टर या रायफल काडतुसाचं, बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीतलं. दारू आणि गोळी यांची मापं इथे नाहीत. ती छापील लोडिंग मॅन्युअलमधूनच घ्यावीत.

बहुतेकांचा वेळ पुंगळ्या चकाकवण्यात जातो. चकाकीचा सुरक्षिततेशी संबंध नाही. जीव वाचतो तो तपासणीने.

पहिली चूक म्हणजे बुडाजवळची आतली चर न तपासणं. साइझिंग डाय (पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणारा साचा) गरजेपेक्षा खाली बसवली की पुंगळीचा खांदा, म्हणजे मानेकडे निमुळता होणारा भाग, मागे ढकलला जातो. मग प्रत्येक वेळी गोळी झाडताना पितळ पुढे ताणलं जातं आणि बुडाच्या थोडं वर भिंत पातळ होत जाते. एक दिवस तिथूनच पुंगळीचे दोन तुकडे होतात आणि गरम वायू मागे येऊ शकतो. पेपरक्लिप सरळ करा, तिचं टोक काटकोनात किंचित वाकवा, आत घालून बुडापासून वर ओढा. टोक अडखळलं तर पुंगळी बाद. बाहेरून दिसणारी चकचकीत रेघ नेहमीच धोक्याची नसते, डाय जिथे थांबते तिथेही तशी खूण उमटते. निकाल आतल्या चरीवरच द्यायचा. मूळ कारण दूर करायचं तर तुमच्याच रायफलीतून झाडलेल्या पुंगळीचा खांदा कम्पॅरेटरने (बुडापासून खांद्यापर्यंतची लांबी मोजणाऱ्या साधनाने) मोजा आणि डाय थोडीथोडी फिरवत खांदा फक्त 0.002 इंच, म्हणजे 0.05 मिमी मागे येईल एवढीच बसवा.

अमोनिया असलेलं पॉलिश वापरू नका. ताण असलेल्या पितळेला अमोनिया लागला की तडे जातात. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं अशीच तडकत. घोड्यांच्या मूत्रातला अमोनिया त्याला कारणीभूत होता. सौम्य साबण, चिमूटभर सायट्रिक आम्ल आणि कोमट पाणी पुरेसं आहे. पितळ गुलाबीसर दिसू लागलं तर आम्ल जास्त झालं किंवा पुंगळ्या फार वेळ भिजल्या. पृष्ठभागावरचं जस्त निघून गेलेलं असतं.

कोरडा टम्बलर (भुश्यात घोळवून पुंगळ्या साफ करणारं यंत्र) वापरत असाल तर तो स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या आसपास कधीच नको. प्रायमरच्या (बुडात बसणाऱ्या, दारू पेटवणाऱ्या टोपीच्या) काजळीत शिसं असतं आणि अक्रोडाच्या कवचाच्या भुश्यातून ते धुळीबरोबर उडतं. झाकण लावून बाहेर चालवा, नंतर हात साबणाने धुवा.

साइझिंगआधी लावायच्या ल्यूबचा (वंगणाचा) अंदाज चुकला की दोन्ही बाजूंनी त्रास. कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये घट्ट अडकते. हातोडा न मारता बुडाला भोक पाडून, आटे काढून, स्क्रूच्या साहाय्याने ओढून काढणारं किट वापरावं लागतं. जास्त झालं तर खांद्यावर खळगे पडतात, कारण ल्यूबला निघायला वाट नसते. बोटाच्या टोकाने पातळ थर पुरतो. मानेच्या आतही हलका हात फिरवा, नाहीतर एक्सपांडर (मान आतून रुंदावणारा डायमधला गोळा) किंचाळत बाहेर येतो आणि मान लांबवतो. काम झाल्यावर ल्यूब पूर्ण पुसा.

ट्रिमिंग, म्हणजे वाढलेली लांबी कापणं, नेहमी साइझिंगनंतर. साइझिंगमध्ये पितळ पुढे सरकतं, त्यामुळे आधी कापलेली लांबी निरुपयोगी ठरते. .308 ची कमाल लांबी 2.015 इंच (51.18 मिमी), कापायची लांबी 2.005 इंच (50.93 मिमी). लांब राहिलेलं तोंड चेंबरच्या (रायफलीत काडतूस बसतं त्या जागेच्या) टोकाला दाबलं जाऊन गोळी आवळून धरतं आणि दाब धोकादायक वाढतो. कापल्यावर आतली-बाहेरची कड हलकेच मोडा. सुरीसारखी धार काढू नका.

लष्करी पुंगळ्यांत प्रायमरभोवती पितळ दाबलेलं असतं. ते न काढता नवा प्रायमर बसवायला गेलात तर तो चेपतो. स्वेजरने (दाबून) किंवा रीमरने (खरवडून) फक्त तो दाबलेला काठ काढा, पॉकेट म्हणजे प्रायमरची खोबण खोल करू नका. जुना प्रायमर काढण्याआधी बॅटरीने आत पाहा: मधोमध एक छिद्र असेल तर बॉक्सर, दोन बारीक छिद्रं असतील तर बर्डन, आणि बर्डनमध्ये डायची पिन मोडते. प्रायमर बोटाच्या दाबाने सरकत आत जात असेल तर पॉकेट सैल झालंय.

मान तापवून मऊ करण्यासाठी अ‍ॅनिलिंग करताना ज्योत मान आणि खांद्यावरच ठेवा. बूड तापून मऊ झालं तर ती पुंगळी पुन्हा कधीच वापरू नका, कारण दाब पेलायचा असतो तो तिथेच.

तडा गेलेली, चर पडलेली किंवा सैल पॉकेटची पुंगळी तिथल्या तिथे पक्कडीने चेपून भंगारात टाका, म्हणजे ती चुकून चांगल्या ढिगात परत जाणार नाही.