थंड समुद्रातला बांगडा: तेल फेकू नका, पैसे त्याचेच दिलेत

नॉर्वेत नवीन आलेल्या आपल्या लोकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, इकडे बांगडा मिळतो का हो? मिळतो, पण तो आपला बांगडा नाही, त्याचा चुलतभाऊ म्हणा. आपला तो इंडियन मॅकरेल आणि हा अटलांटिक मॅकरेल, इकडे त्याला माक्रेल म्हणतात. पाठ निळी-हिरवी, त्यावर काळ्या वाकड्यातिकड्या रेघा, अंग जरा लांबट, आणि साफ करायला घेतलात की खरा फरक बोटांना कळतो, हात इतके तेलकट होतात की नुसत्या पाण्याने जातच नाही.

मी पहिल्यांदा आणला तेव्हा घरची सवय म्हणून रवा लावला आणि सरळ तव्यात तेलात सोडला. थोड्या वेळाने बघते तर घातलं त्याच्या दुप्पट तेल तव्यात. मग काय, टिशूने सगळं टिपून कचऱ्यात टाकलं आणि वर आज हेल्दी खाल्लं म्हणून खूश झाले. ज्याच्यासाठी हा मासा खायचा तेच मी कचऱ्यात टाकलं होतं हे कळायला बरेच महिने गेले.

तर आधी आकडे बघू. १०० ग्रॅम कच्च्या मॅकरेलमध्ये साधारण २०५ कॅलरी, १८-१९ ग्रॅम प्रोटीन आणि १४ ग्रॅमच्या आसपास फॅट असतं. कार्ब शून्य, फायबरही शून्य, त्यामुळे सोबत भाजी-कोशिंबीर हवीच. आता त्या १४ ग्रॅम फॅटमध्ये सव्वादोन ग्रॅमच्या वर ईपीए आणि डीएचए आहे, म्हणजे ज्याला आपण ओमेगा-३ म्हणतो त्यातले थेट कामाला येणारे दोन. युरोपात मोठ्या माणसाला दिवसाला २५० मिलिग्रॅम पुरेसं धरतात, आठवड्याचं झालं पावणेदोन ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमचा एक तुकडा नीट खाल्ला तर आठवड्याचा हिशोब मिटतो. जवसाची चटणी चांगलीच आहे, पण तिच्यातलं ओमेगा-३ वेगळं, शरीर त्याचं ईपीए-डीएचए फार थोडं बनवतं. शिवाय बी-१२ दिवसाच्या गरजेच्या दुपटीहून जास्त, सेलेनियम भरपूर. कॅल्शियमसाठी मात्र याच्या नादी लागू नका, अगदीच कमी आहे, त्यासाठी काट्यासकट खायचे डब्यातले सार्डिन घ्या.

आणि व्हिटॅमिन डी, १०० ग्रॅमला साधारण १६ मायक्रोग्रॅम. इथे मोठ्यांना दिवसाला १० सांगतात. बर्गन, ऑस्लो म्हणजे ६० अक्षांश, हिवाळ्यात ऊन इतकं तिरपं की कातडी व्हिटॅमिन डी बनवतच नाही, आणि आपल्या सावळ्या रंगाला तर उन्हाळ्यातही जास्त वेळ ऊन लागतं. म्हणून इथली जुनी माणसं ज्या महिन्याच्या नावात 'र' आहे त्या सगळ्या महिन्यांत, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल, रोज चमचाभर त्रान घेतात. त्रान म्हणजे कॉड माशाच्या लिव्हरचं तेल. गंमत बघा, कॉडच्या मांसात १०० ग्रॅमला एक ग्रॅमसुद्धा फॅट नाही, सगळा साठा लिव्हरमध्ये. मॅकरेलचं उलट आहे, त्याचं तेल मांसातच मुरलेलं असतं.

हे तेल थंड पाण्यातल्याच माशात एवढं का? तूप थंडीत थिजतं, खोबरेल तर डिसेंबरात बाटलीतून निघत नाही, पण त्रानची बाटली फ्रिजमध्ये ठेवली तरी तेल वाहतंच असतं. बर्फाळ पाण्यात राहणाऱ्या जिवाला न थिजणारी चरबीच लागते. मासा ती स्वतः फारशी बनवत नाही, समुद्रातलं बारीक शेवाळ बनवतं, ते बारीक किडे खातात, किडे मासा खातो आणि आपण मासा.

आता विकत घेताना. वरचे आकडे वर्षभर सारखे नसतात. अंडी घातल्यानंतर हा मासा पार रोडावतो, मग उन्हाळाभर खाऊन खाऊन शरद ऋतूत एवढा माजतो की वजनाचा पाव भाग फॅट असू शकतं. जपानी लोक नॉर्वेचा मॅकरेल घेतात तो याच सीझनचा, उगाच नाही. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरचा फ्रोझन मासा मिळाला तर डोळे झाकून घ्या, मे महिन्यातल्या रोड ताज्यापेक्षा तो बरा.

ताजा घेताना डोळे फुगीर, कल्ले लाल हे आपल्याला कोणी शिकवायला नको. एक जास्तीची ट्रिक, डोक्याकडून आडवा धरा, शेपूट ताठ राहिली पाहिजे, लोंबली की सोडून द्या. आणि घरी आणेपर्यंत बर्फातच हवा, हे मात्र सिरियसली घ्या, कारण हा मासा उबेत राहिला की त्यात हिस्टामिन नावाचं त्रासदायक रसायन तयार होतं आणि ते कितीही उकळा, जात नाही. खाताना जिभेला मिरीसारखं चुरचुरलं तर घास तिथेच थांबवा, मग अंगावर गांधी, डोकेदुखी, जुलाब काहीही होऊ शकतं.

डबाबंद चालतो का? चालतो, मस्त चालतो. टोमॅटोतला मॅकरेल ब्रेडवर लावून खाणं हा इथल्या पोरांचा रोजचा डबा आहे. फक्त डबा उलटा करून माशाचे टक्के बघा, आणि मीठही बघा. तेलातला घेतलात तर ते तेल बहुतेक सूर्यफुलाचं किंवा रेपसीडचं असतं, ते निथळलं तरी चालेल. स्मोक्ड मॅकरेल चवीला भारी पण खारट, बीपीवाल्यांनी जपून.

करायची पद्धत? डीप फ्राय नको, माशाचं तेल बाहेर आणि कढईतलं आत अशी अदलाबदल होते. ओव्हनला २०० डिग्रीवर फिले, म्हणजे काटा काढलेले तुकडे, १०-१२ मिनिटांत होतात, ट्रेमध्ये साठलेला रस बटाट्यावर ओता. पण माझं मत विचाराल तर बांगड्याचं तिखलं करतात तसंच याचं करा. लाल मिरची, धणे, हळद, थोडं ओलं खोबरं वाटून घ्या, खोबरं नेहमीच्या निम्मं. तेल जवळपास नकोच, वाटण थोड्या पाण्यात उकळायला ठेवा, त्यात आमसुलं आणि ठेचलेली तिरफळं, मग तुकडे सोडून झाकण ठेवून ८-१० मिनिटं. ढवळू नका, भांडं हातात धरून हलवा, हा आपल्या बांगड्यापेक्षा लवकर तुटतो. आंबट थोडं जास्त घाला, नाहीतर उग्र लागतो. जे तेल सुटतं ते रश्श्यातच राहतं आणि भाताबरोबर पोटात जातं.

किती खायचा तर इथला सरकारी सल्ला आठवड्याला ३०० ते ४५० ग्रॅम मासे, त्यातले किमान २०० ग्रॅम तेलकट. युरिक ॲसिड वाढलेलं असेल तर डॉक्टरांना विचारून. आणि अमेरिकेतल्या मंडळींनो, सुरमई म्हणून तिकडे किंग मॅकरेल घेता ना, नावात मॅकरेल असलं तरी तो हा नव्हे. त्यात पारा खूप जास्त, गरोदर बायका आणि लहान मुलांनी तो खाऊच नये असं तिथलं एफडीए, म्हणजे अन्न-औषधांवर नजर ठेवणारं सरकारी खातं, सांगतं. अटलांटिक मॅकरेल लहान आणि कमी पाऱ्याचा, त्यांच्याच चांगल्या माशांच्या यादीत आहे.

तिखलं उरलं तर लगेच फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं. वर लाल तर्री आलेली दिसेल, ती चमच्याने काढून टाकायचा मोह होईल, काढू नका, तशीच ढवळून गरम करा.