भाकरीचं पचन तोंडातच सुरू होतं, हे नळीत कसं दाखवावं

पिठाचं पाणी घ्या, त्यात लाळ घाला, नळी कोमट पाण्यात ठेवा, आयोडीन टाका, निळा रंग गेला की प्रयोग झाला. लाळेतल्या अमायलेज या विकराचा, म्हणजे पिठातलं पिष्ट (स्टार्च) तोडणाऱ्या प्रथिनाचा, प्रयोग असा चार ओळींत उरकलेला सगळीकडे दिसतो. मी लातूर जिल्ह्यात विज्ञान शिकवतो आणि या चार ओळींवर भरवसा ठेवून पहिली सहा वर्षं मी तो लेकरांना चुकीचा दाखवला. याची मला आजही खंत आहे, म्हणून नीट सांगतो.

चमचाभर ज्वारीचं पीठ गार पाण्यात कालवा, ग्लासभर उकळत्या पाण्यात सोडून दोन मिनिटं शिजवा, फडक्यानं गाळा आणि पूर्ण निवू द्या. घरात आंबील तयार आहे म्हणून ती घेऊ नका. अमायलेजला आंबट चालत नाही. आयोडीन म्हणून औषधाच्या दुकानातलं बेटाडीन पाण्यात घालून फिक्या चहाच्या रंगाचं करा. गडद ठेवलंत तर त्याच्याच रंगात सगळं झाकून जातं.

लाळ घेण्याआधी चूळ भरायची. चमचाभर लाळेत दोन चमचे पाणी घाला. ज्याची लाळ त्यानंच हाताळायची, यात सूट नाही. पान किंवा चुना-तंबाखू खाणाऱ्या मोठ्या माणसाची लाळ घेऊ नका. चुन्यानं तिचा गुणच बदलतो. यातली अर्धी लाळ उकळून निववून ठेवा. दोन नळ्यांत दोन-दोन चमचे पिठाचं पाणी घ्या. एकीत साधी लाळ चमचाभर, दुसरीत उकळलेली तेवढीच. उकळलेल्या लाळेतलं विकर मेलेलं असतं, म्हणून तिथलं पिष्ट जसंच्या तसं राहायला हवं. ही दुसरी नळी नसेल तर प्रयोग करूच नका. रंग गेला तो विकरानं गेला की आणखी कशानं, हे तिच्याशिवाय कळत नाही.

आता माझी चूक जिथं झाली ती जागा. ‘कोमट’ म्हणजे किती, हे कोणी लिहीत नाही. मी चुलीवरचं पाणी बादलीत ओतायचो, हाताला चटका बसेल इतकं, आणि आयोडीन आधीच नळीत घालायचो. पाच मिनिटांत निळा रंग गायब. मी खूश. एका वर्षी आठवीतल्या एका मुलीनं उकळलेल्या लाळेची नळी वर धरली आणि म्हणाली, “सर, हिच्यातला पण रंग गेलाय की ओ.” मी म्हणालो, अदलाबदल झाली असेल. तिनं दोन्ही नळ्या खिडकीत ठेवल्या. मधल्या सुट्टीनंतर आलो तर दोन्हींत तोच शाईसारखा निळा रंग परत आलेला. पिष्ट पचलंच नव्हतं!

कारण असं. पिष्टाची साखळी मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते. आयोडीन तिच्या पोकळीत शिरून बसलं की निळा रंग दिसतो. पाणी कढत झालं की आयोडीन तिथून सुटतं आणि रंग जातो; निवलं की पुन्हा बसतं. शिवाय विकर हे प्रथिन आहे. अंड्याचा पांढरा बलक एकदा शिजला की पुन्हा पातळ होत नाही, तसंच कढत पाण्यानं अमायलेज कायमचं बिघडतं. थंडीत मात्र ते मरत नाही, नुसतं मंदावतं.

म्हणून पाणी ३७ अंशांवर ठेवा, आपल्या अंगाइतकं. तापाचं डिजिटल थर्मामीटर पुरतं. पाऱ्याचं बुडवू नका, जास्त गरम पाण्यात फुटतं. तेही नसेल तर मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाका: ना गरम, ना गार लागला की बरोबर. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच एवढी तापलेली असते की बादलीची गरज नाही. डिसेंबरात, विशेषतः परभणीकडे, दर दोन मिनिटांनी थोडं गरम पाणी घालत राहावं लागतं.

आणि आयोडीन नळीत घालूच नका. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर त्याचे थेंब ओळीनं मांडा, दर मिनिटाला नळीतला एक थेंब त्यातल्या एकावर सोडा. पहिला थेंब निळा-काळा होतो, पुढचे जांभळट, मग तांबूस, शेवटी आयोडीनचा स्वतःचा पिवळसर रंग उरतो. तो तांबूस थेंब मुलांना जवळून बघू द्या. लांब साखळी तुटून मधले तुकडे झालेत, पण सगळ्यांचं माल्टोज, म्हणजे साखर, अजून झालेलं नाही, ते तिथं डोळ्यांना दिसतं. कोणाला चार मिनिटं लागतील, कोणाला बारा. प्रत्येकाच्या लाळेत अमायलेज कमीजास्त असतं. उशीर झाला म्हणून कोणाला हसू देऊ नका.

जठराचं आम्ल दाखवायला तिसरी नळी करा, पण लिंबू पिळू नका, कोणीही सांगितलं तरी. लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनचाच रंग घालवतं आणि पिष्ट असूनही निळं काही येत नाही. आधी व्हिनेगर घाला, मग लाळ. थेंब निळेच राहतील. गिळलेल्या घासातलं अमायलेजचं काम जठरात असंच थांबतं. उरलेलं पिष्ट लहान आतड्यात स्वादुपिंडाचं अमायलेज तोडतं, कारण स्वादुरस आम्लारी असतो. इथं मुलं हमखास पित्ताचं नाव घेतात. पित्तात पचनाचं विकर नसतं, ते चरबीचे बारीक थेंब करतं. हे तिथल्या तिथं सांगून टाका. परीक्षेत दरवर्षी नेमकं हेच चुकतं.